पेन्सिल सेलवर चालणारा ॲम्प : रोलँड मायक्रो क्यूब जीएक्स

इलेक्ट्रिक गिटार भिंतीतल्या सॉकेटला बांधलेली असते आणि आपल्याकडे त्या सॉकेटाचा भरवसा नसतो. कोकणात पावसाळ्यात तारांवर एखादी फांदी पडली की संध्याकाळचा रियाज बुडतो. २०२० च्या जूनमधील निसर्ग चक्रीवादळानंतर तर रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. शहरातही कोजागरीला गच्चीवर जमायचे म्हटले तर तिथे प्लग पॉइंट नसतो आणि खालच्या मजल्यावरून जिन्यातून एक्स्टेंशन ओढत न्यावा लागतो. अशा वाजवणाऱ्यांसाठी सेलवर चालणारे छोटे ॲम्प, म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या पेट्या, मिळतात. त्यांपैकी रोलँड कंपनीचा मायक्रो क्यूब जीएक्स मी सर्वाधिक वापरला आहे आणि त्याच्याविषयीचे मत आधीच सांगून टाकतो. वीज नसलेल्या ठिकाणी एकट्याने किंवा दोघातिघांत बसून वाजवण्यासाठी याच्याइतका बिनघोर ॲम्प मला दुसरा मिळालेला नाही. पण गाणाऱ्याच्या साथीला, समोर पंचवीसतीस माणसे बसलेली असताना तो नेला तर निराशा होईल. या दोन्ही गोष्टींचे कारण एकच आहे, आणि ते त्याच्या सेलच्या हिशोबात दडलेले आहे.

आधी वस्तूची ओळख करून देतो. २०१३ साली आलेले हे मॉडेल जुन्या मायक्रो क्यूबची सुधारलेली आवृत्ती आहे. साधारण २५ सेंटीमीटर रुंदीचा हा ठोकळा २.७ किलो वजनाचा आहे. त्यात ५ इंचांचा एकच स्पीकर आहे आणि आवाजाची ताकद ३ वॅट आहे. कोपऱ्यांना संरक्षक कड आहे, समोर धातूची जाळी आहे आणि खांद्याला अडकवायचा पट्टा सोबत मिळतो. एका खांद्यावर गिटार आणि दुसऱ्यावर हा ॲम्प घेऊन एसटीत चढता येते, आणि जागा नाहीच मिळाली तर तो पायांशी ठेवता येतो. विजेचा अडॅप्टर खोक्यात असतोच, पण ज्यासाठी तो घ्यायचा ती सोय म्हणजे सहा एए, म्हणजे आपण ज्यांना पेन्सिल सेल म्हणतो त्या सेलवर चालण्याची.

अल्कलाइन सेलवर हा ॲम्प सुमारे २५ तास चालतो असे कंपनी सांगते. हा आकडा पहिल्यांदा वाचताना जाहिरातीचा वाटतो, म्हणून तो थोडा उलगडून पाहू. चांगला अल्कलाइन पेन्सिल सेल हलक्या भाराखाली सुमारे २५०० एमएएच (मिलिॲम्पिअर-तास, सेलमधल्या साठ्याचे माप) देतो आणि संपेपर्यंतचा त्याचा सरासरी दाब १.२ व्होल्टच्या आसपास राहतो. म्हणजे एका सेलमध्ये सुमारे ३ वॅट-तास आणि सहा सेलमध्ये १८ वॅट-तास ऊर्जा असते. ती २५ तासांत वाटली तर ॲम्पच्या वाट्याला सरासरी पाऊण वॅटसुद्धा येत नाही. मग ३ वॅट कुठून आले? ते कमाल मर्यादेचे वॅट आहेत. तार छेडल्याच्या क्षणी आवाज शिखरावर जातो आणि लगेच ओसरू लागतो, मधल्या विरामांत तर ॲम्प जवळजवळ रिकामाच बसतो, त्यामुळे सरासरी खर्च शिखराच्या मानाने फार कमी असतो. याचा दुसरा अर्थ असा की आवाज पूर्ण चढवून, डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटका केलेला आवाज) लावून, सलग कॉर्ड घासत बसणाऱ्याला २५ तास मिळणार नाहीत. मध्यम आवाजात रोज तासभर वाजवणाऱ्याला मात्र सेलचा एक संच तीन-साडेतीन आठवडे सहज पुरतो.

हाच हिशोब शेजारच्या दुकानातील वस्तूला लावून पाहिला की चित्र स्पष्ट होते. बॉस ही रोलँडचीच शाखा. तिचा कटाना मिनी नावाचा ॲम्प याच सहा पेन्सिल सेलवर चालतो, त्याची ताकद ७ वॅट आहे, वजन अवघे १.२ किलो आहे, आणि सेल सुमारे ७ तास पुरतात. म्हणजे तो त्याच सहा सेलमधून दर तासाला तिपटीहून अधिक ऊर्जा ओढतो. सेलवरच्या ॲम्पच्या जाहिरातीत वॅट आणि तास हे दोन आकडे नेहमी एकत्र वाचावेत, कारण टाकी तीच असते आणि फक्त तोटी किती उघडली ते बदलते.

जादा वॅटच्या बदल्यात आवाज किती वाढतो, हाही प्रश्न विचारायला हवा. कानाला आवाज दुप्पट वाटायचा असेल तर ताकद साधारण दहापट व्हावी लागते. ३ वॅटवरून ७ वॅटवर गेल्याने जेमतेम पावणेचार डेसिबलची भर पडते. ती कानाला जाणवते, पण ‘दुपटीहून जास्त’ या शब्दांनी जी अपेक्षा निर्माण होते तेवढी ती नाही. शिवाय उघड्यावर भिंती नसतात आणि ऐकणारा दुप्पट लांब गेला की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. त्यामुळे बंद खोलीत शेजाऱ्यांच्या तक्रारी ओढवणारा मायक्रो क्यूब अंगणात ठेवला की एकदम मवाळ होतो. मी तो जमिनीवर ठेवण्याऐवजी खुर्चीवर, मागे भिंत असेल अशा ठिकाणी आणि ऐकणाऱ्यांच्या कानांच्या उंचीवर ठेवतो. सेलचा एकही मिलिॲम्पिअर न खर्चता यातून जे मिळते ते महागडा ॲम्प घेऊनही कित्येकदा मिळत नाही.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या जुन्या धाटणीच्या ॲम्पवर प्रेम करणारी मंडळी अशा पेटीकडे जरा तिरक्या नजरेने पाहतात. व्हॉल्व्हच्या आवाजाची गोडी मला मान्य आहे, पण सेलवर ती परवडत नाही. प्रीॲम्पमधील (आवाज प्रथम वाढवणाऱ्या टप्प्यातील) नेहमीच्या १२एएक्स७ व्हॉल्व्हला नुसते तापवायला ६.३ व्होल्टवर ०.३ ॲम्पिअर, म्हणजे जवळजवळ १.९ वॅट लागतात, आणि ईएल८४ या पॉवर व्हॉल्व्हला ०.७६ ॲम्पिअर, म्हणजे ४.८ वॅट. या दोन काचेच्या नळ्या असलेल्या अगदी लहान ॲम्पमध्ये तार छेडण्यापूर्वीच साडेसहा वॅट उष्णतेत जातात. वरचे सहा पेन्सिल सेल तीन तासांत नुसते नळ्या तापवून संपतील. म्हणून सेलवरच्या ॲम्पमध्ये त्या आवाजाची डिजिटल नक्कल असते. मायक्रो क्यूब जीएक्समध्ये आवाजाचे एकूण आठ प्रकार आहेत. त्यांपैकी जेसी क्लीन हा रोलँडच्याच १९७५ सालच्या जॅझ कोरस जेसी-१२० या ॲम्पचा स्वच्छ, काचेसारखा आवाज आहे, आणि माझ्या मते याच एका आवाजासाठी ही पेटी घ्यावी. बाकीचे नामांकित कंपन्यांच्या ॲम्पचे: ब्लॅक पॅनल फेंडरच्या ढंगाचा आहे, ब्रिट कॉम्बो व्हॉक्सच्या, क्लासिक स्टॅक मार्शलच्या. हलक्या फाटलेल्या आवाजात ब्रिट कॉम्बो बराच पटतो. त्यापुढची जड डिस्टॉर्शनची दोन रूपे ५ इंचांच्या स्पीकरमधून ऐकताना मधमाश्या डब्यात कोंडल्यासारखी वाटतात. हेडफोनवर तीच बरी लागतात.

इफेक्टच्या एका बटणावर कोरस, फ्लँजर, फेझर, ट्रेमोलो आणि हेवी ऑक्टेव्ह, तर दुसऱ्यावर डिले आणि रिव्हर्ब आहेत. घरी पेडल्सची (पायाने चालू-बंद करायच्या, आवाज बदलणाऱ्या डब्यांची) रांग लावणाऱ्याला हे तुटपुंजे वाटेल, पण वीज नसलेल्या ठिकाणी या बटणांची किंमत वेगळी आहे, कारण बाहेरून जोडलेले प्रत्येक पेडल स्वतःची बॅटरी मागते. ट्यूनरही आतच आहे. एक सेटिंग लक्षात ठेवण्याची सोयही आहे, जिचा मी फारसा उपयोग करत नाही.

सेलवर वाजवण्याचा एक फायदा मात्र कोणत्याही माहितीपत्रकात ठळक छापलेला नसतो, आणि तो म्हणजे शांतता. भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या ॲम्पमधून ५० हर्ट्झची जी घरघर येते तिचे एक मूळ अर्थिंगच्या गोंधळात असते. सेलवर ते मूळच उरत नाही. सिंगल कॉइल पिकअपची (तारांचे कंपन टिपणाऱ्या एकेरी वेटोळ्याची) गुणगुण आसपासच्या वायरिंगमुळे, ट्यूबलाइटमुळे आणि चार्जरमुळे येते, त्यामुळे घरात सेलवर वाजवले तरी ती थोडी राहते. पण वीज गेलेल्या गावात किंवा वस्तीपासून दूर माळावर स्ट्रॅटोकास्टरसारखी सिंगल कॉइलची गिटार लावली तर दोन सुरांमधली जागा खरोखर रिकामी ऐकू येते. घरातील इन्व्हर्टरवर ॲम्प लावून पाहणाऱ्यांना याच्या अगदी उलट अनुभव येतो, कारण स्वस्त इन्व्हर्टरमधून येणारी चौकोनी लहर ॲम्पमध्ये चांगलीच बोचरी भुणभुण सोडते.

आता सेलविषयी, कारण या ॲम्पचे सारे बरेवाईट त्यांवर ठरते. गावातील किराणा दुकानात ‘पेन्सिल सेल द्या’ म्हटले की दुकानदार बहुधा भिंतीवरच्या घड्याळात घालायचे झिंक-कार्बन सेल काढून देतो. घड्याळाला आणि टीव्हीच्या रिमोटला ते उत्तम असतात, ॲम्पला नव्हेत. त्यांची क्षमता अल्कलाइनच्या निम्म्याहूनही कमी असते आणि जास्त प्रवाह मागितला की ती आणखी घसरते. मग जोराचा कॉर्ड मारला की आवाज दबतो, फाटतो आणि गिटारच बिघडली की काय असे वाटते. पाकिटावर ‘अल्कलाइन’ हा शब्द शोधावा, किंवा त्याहून बरे म्हणजे पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल एकदाच घ्यावेत. यांचा दाब १.५ नसून १.२ व्होल्ट असतो, म्हणजे सहा सेलचे ९ ऐवजी ७.२ व्होल्ट होतात, आणि त्यामुळे ॲम्प मंद चालेल अशी शंका बरेच जण घेतात. प्रत्यक्षात अल्कलाइन सेल दीडपासून हळूहळू उतरत आयुष्याचा बराचसा काळ १.२ च्या आसपासच घालवतो, तर निकेलचा सेल १.२ वर जवळजवळ शेवटपर्यंत टिकून राहतो आणि मग झपकन बसतो. या झपकन बसण्याची सवय करून घ्यावी लागते, कारण इशारा फार थोडा आधी मिळतो. पॅनासॉनिकच्या एनलूपसारख्या सेलमध्ये सुमारे २००० एमएएच असतात आणि महिनोन्‌महिने कपाटात पडून राहिले तरी त्यांतला बहुतेक चार्ज टिकतो. वरच्याच हिशोबाने ते अठरा-वीस तास द्यायला हरकत नाही. अवाच्या सवा एमएएच छापलेल्या अनोळखी नावांच्या सेलवर पैसे घालवू नयेत. आणि सहाही सेल एकाच जातीचे, एकाच वेळी चार्ज केलेले असावेत. एक जुना सेल मध्ये राहिला की तो आधी रिता होतो आणि बाकीचे पाच त्याला उलटा चार्ज करू लागतात.

या ॲम्पपुढे पेडल जोडायचेच असेल तर नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचा विचार करावा लागतो. बॉसचे डीएस-१ डिस्टॉर्शन ४ मिलिॲम्पिअरच्या आसपास घेते, आयबानेझचे ट्यूब स्क्रीमर ८ च्या आसपास. सुमारे ५०० एमएएचची अल्कलाइन बॅटरी यांना आठवडेच्या आठवडे पुरते. डिजिटल पेडल्सची गोष्ट निराळी आहे. बॉसचा डीडी-८ डिले ६५ मिलिॲम्पिअर ओढतो आणि आरसी-१ लूपर (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारे पेडल) ९५. तीच बॅटरी यांना कागदावर सात-आठ किंवा पाच तास देईल, आणि एवढ्या ओढीखाली प्रत्यक्षात त्याहूनही कमी. वायरमनच्या दुकानात मिळणारी स्वस्त झिंक-कार्बन नऊ व्होल्टची बॅटरी जुन्या धाटणीच्या फझ पेडलला चालते, किंबहुना काहींना तिचाच आवाज आवडतो, पण लूपरला तिच्या भरवशावर बाहेर नेऊ नये. पेडलच्या इनपुटमध्ये केबल असेतोवर बॅटरी खर्च होत राहते, पायाने पेडल बंद केले तरीही. वाजवून झाले की केबल उपसून ठेवण्याची शिस्त हवी. सेमी-अकूस्टिक गिटारीच्या आतल्या प्रीॲम्पलाही हाच नियम लागू आहे, आणि ती बॅटरी पोकळीत लपलेली असल्यामुळे बैठकीच्या ऐन मध्यावर आठवण करून देते.

पेडलला या बॅटरीऐवजी पॉवर बँक वापरता येईल का, असे मला अनेकांनी विचारले आहे. येते, पण तीन गोष्टी सांभाळून. पॉवर बँक ५ व्होल्ट देते आणि पेडलला ९ लागतात, म्हणून मध्ये दाब वाढवणारी केबल घालावी लागते, आणि त्या केबलमधल्या स्विचिंगची बारीक शीळ काही वेळा आवाजात उतरते. दुसरे असे की पाकिटावरचे १०००० एमएएच हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात. ऊर्जा ३७ वॅट-तास, आणि ९ व्होल्टवर नेताना होणारी गळती धरली तर हाती साडेतीन हजार एमएएचच्या आसपास उरतात. तरीही ते भरपूर आहेत. तिसरी अडचण गमतीची आहे. एखादे साधे पेडल इतका कमी प्रवाह घेते की फोन पूर्ण चार्ज झाला असे समजून पॉवर बँक आपोआप बंद होते. पेडल जितके काटकसरी, तितकी ही कटकट जास्त.

यापेक्षा धोक्याचा प्रकार म्हणजे वायफाय राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस गिटारीच्या सामानाला लावणे. घरोघरी हे डबे आलेले आहेत, त्यांवर ९ व्होल्टचे तोंडही असते आणि पिन बरोबर बसते. परंतु राउटरच्या पिनमध्ये मधला बिंदू धन असतो, तर बॉस धाटणीच्या पेडल्समध्ये तो ऋण असतो. पिन बसली म्हणजे जुळली असे नव्हे. उलटे जोडलेले पेडल क्षणात निकामी होऊ शकते. ॲम्प असो वा पेडल, अडॅप्टरवरील गोल चिन्ह आणि सॉकेटाजवळचे चिन्ह ताडून पाहिल्याशिवाय काहीही खुपसू नये.

मायक्रो क्यूब जीएक्सच्या उणिवांकडे वळतो. गिटारीसाठी इनपुट एकच आहे. आठ प्रकारांत माइकचाही एक प्रकार दिला आहे, म्हणजे मोठ्या जॅकच्या केबलने माइक लावता येतो, पण मग गिटारीला जागा राहत नाही. गाणे आणि गिटार एकाच वेळी हवे असणाऱ्यांनी बॉसचा क्यूब स्ट्रीट टू पाहावा. त्यात दोन वाहिन्या, साडेसहा इंचांचे दोन स्पीकर आणि १० वॅट आहेत, मात्र त्याला आठ पेन्सिल सेल लागतात आणि खांद्यावरचे ओझेही वाढते. दुसरी उणीव काळाने आणली आहे. आय-क्यूब लिंक नावाच्या जॅकमधून फोन जोडून त्यावरील तालाबरोबर वाजवता येते आणि वाजवलेले फोनमध्ये ध्वनिमुद्रितही करता येते. ही सोय उत्तम आहे, पण ती साडेतीन मिलिमीटरच्या केबलवर अवलंबून आहे आणि आताच्या बहुतेक फोनना तो जॅकच नसतो. अडॅप्टर घ्यावा लागतो, आणि चार कड्यांची पिन चालेल असाच घ्यावा लागतो. ब्लूटूथ नाही. सेल ॲम्पच्या आत चार्ज होण्याची सोयही नाही. त्यासाठी वेगळा चार्जर हवा. ही शेवटची गोष्ट अनेक जण उणीव मानतात, मी मानत नाही. आतली लिथियम बॅटरी भर मैफलीत संपली तर वीज येईपर्यंत गप्प बसावे लागते, सेल संपले तर दुसरे सहा घालून मिनिटात पुढे वाजवता येते.

सेलवर चालणारा ॲम्प हाती आला की तो गडावर न्यावासा वाटतो, म्हणून दोन शब्द. राजमाचीच्या पायथ्याच्या गावात अंगणात बसून वाजवणे वेगळे आणि पहाटे माथ्यावर शांततेसाठी आलेल्यांच्या कानी डिस्टॉर्शन घालणे वेगळे. गडावर न्यायचाच असेल तर हेडफोन न्यावेत. या ॲम्पला तो जॅक आहे, आणि तो लावल्यावर सेलही जास्त पुरतात. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिप्रदूषणाचे नियम उघड्यावर ध्वनिवर्धकाला मनाई करतात आणि ३ वॅटची पेटी त्यातून सुटते असे समजण्याचे कारण नाही.

मायक्रो क्यूब नवा घेणे जड वाटले तर जुन्या बाजारात तो बऱ्याचदा दिसतो, कारण मोठा ॲम्प घेतल्यावर लोक याला विकून टाकतात. पाहायला गेलात तर वाजवून बघण्याआधी सेलचा कप्पा उघडावा. मागच्या मालकाने अल्कलाइन सेल आत विसरले असतील तर ते गळून स्प्रिंगांवर पांढरी, खरखरीत पूड जमलेली दिसते. ती थोडी असेल तर कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर घेऊन पुसता येते आणि स्प्रिंग पुन्हा चकाकते. मात्र धातू हिरवा पडून खचला असेल, किंवा बोटाने दाबल्यावर स्प्रिंग परत उसळत नसेल, तर तो ॲम्प फक्त अडॅप्टरवरचा ॲम्प उरला आहे असे धरूनच भाव करावा. नंतर स्वतःचे सहा सेल घालून, अडॅप्टर न लावता, आवाज चढवून एक जोराचा कॉर्ड मारावा आणि ॲम्प हातात हलवून पाहावा. हलवताना आवाज तुटला तर सेलची पकड सैल आहे.